चव नसल्याचा दाखला

सोहारला, बंदराच्या मागच्या रस्त्यावर,
आमच्या प्रयोगशाळेत सकाळी साडेदहाला
चौघेजण पाणी चाखतात:
साल्मीन, बिजू, रोवेना आणि मी.
तासभर आधी चहा बंद, कांदा वर्ज्य, अत्तर तर नाहीच.
साल्मीन म्हणतो, रमजानात निदान पुण्य तरी लागतं.

समोर तीन पेले. दोन कोऱ्या पाण्याचे,
तिसऱ्या पाण्यात रात्रभर निजलेली
कुठलीतरी रबरी रिंग.
वेगळा कोणता, एवढंच सांगायचं.
घोट जिभेवर फिरवायचा, थुंकायचा,
एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही.

इथलं पाणी परवापर्यंत समुद्र होतं.
मीठ काढलं, चुना घातला, क्लोरिन घातलं,
मग सोडलं पाइपात.
असं नवंनवं पाणी फार भुकेलं असतं,
ज्याला शिवेल त्याचं थोडं खातं.
जस्त, शिसं, रंगाचा पापुद्रा,
कारखान्यातल्या कुणाची घाई.

म्हणून सगळं आधी आमच्याकडे.
व्हॉल्व्ह, वॉशर, टाकीच्या आतला लेप, ग्रीसची डबी.
काही काही तर सात आठवडे अंधारात बुडवून ठेवायचं
आणि बघायचं, अंगावर बुरा धरतोय का.
आई फोनवर विचारते, नक्की काय करतेस गं तू तिथे?
मी म्हणते, सोयरिकी जुळवते. पाण्याच्या.
मुलाकडची चौकशी फार करावी लागते.

नोव्हेंबरात कुपवाडहून घळसासी आले.
पाइपजोडाच्या रिंगा, सहा आकारांत,
पिशवीवर हळदीकुंकू.
(तो डाग मी आधी नोंदवून घेतला.)
पाटीवर बांदेकर वाचून चेहरा खुलला त्यांचा.
"मॅडम, आपलीच माणसं. तुम्ही बघून घ्यालच."
मी म्हटलं, मी बघत नाही. चाखते.

बिजूला वेगळा पेला सापडला. रोवेनाला सापडला.
आठपट पाण्यात विरळ केलं,
तरी साल्मीनने बोट ठेवलंच.
शिसं नाही, जंतू नाहीत, बाकी कागद निर्मळ.
फक्त चव.

घळसासी तासभर बोलले.
गंधक जरा जास्त पडलं असेल, भट्टी नवी आहे,
तिकडे एका नगरपालिकेने चाळीस हजार घेतल्या,
जमिनीत गेल्यासुद्धा, एक तक्रार नाही.
"आणि पाण्याला कसली आलीय चव, मॅडम?"

मी तीन पेले त्यांच्यापुढे ठेवले.

पहिला. काही नाही.
दुसरा. काही नाही.
तिसरा घोट त्यांनी तोंडात धरला
आणि थुंकेचनात.
मग खिडकीकडे बघत, माझ्याशी नव्हेच, म्हणाले,
मिरजेला स्टँडासमोर आमचं सायकलचं दुकान.
पंक्चर शोधायचं घमेलं असायचं.
वडील ट्यूब बुडवायचे,
बुडबुडा कुठून येतो ते मी सांगायचो.
एकदा उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हतं, तहान लागली,
त्यातलंच प्यालो ओंजळभर.
पाठीत असा धपाटा बसला!

ते, म्हणाले, हे.
अगदी हे.

मी रकान्यात "अनुत्तीर्ण" लिहिलं.
सही करायला त्यांनी माझंच पेन मागितलं.
"गंधक कमी करून आणतो."
आणा, म्हटलं. कुंकू नको.

जूनमध्ये कुरियरने नवी पिशवी आली, कोरी.
बिजूने पहिला पेला उचलला, रोवेनाने तिसरा,
साल्मीन दुसऱ्यावर ठाम,
मी दोनदा मत बदललं.
इतके छान आम्ही वर्षभरात चुकलो नव्हतो.

दाखला गेला त्या रात्री फोन.
"वडलांना ऐकायचंय काय लिहिलंय ते.
जरा मराठीत सांगा ना."
मी इंग्रजी अरबी दोन्ही कागद पुढे घेतले,
कलम, पोटकलम, तापमान, तास,
आणि म्हटलं, आजोबा,
तुमच्या मुलाची रिंग पाण्यात होती,
पाण्याला पत्ताच लागला नाही.

पलीकडे खोकल्याची उबळ, मग हसू.
"मग ते घमेलं," म्हातारा म्हणाला,
"आता मोडीत घालू का?"